आधी कोणाला काढायचं

सिदरामच्या हातात स्टॉपवॉच दिलं तेव्हा साडेसात वाजले होते आणि बार्शीची गाडी आठची होती.

‘हे दाबलं की सुरू. पंधरा मिनिटं झाली की परत दाबायचं. चारही उंदीर काढायचे, पुसायचे, पिंजऱ्यात ठेवायचे. मग पुढचे चार. असं सहा वेळा.’

‘समजलं की, ताई. चार वर्सं बघतोयच न्हवं.’

‘पाणी पंचवीस डिग्री. वर गेलं की बर्फ.’

‘बर्फ हाय.’ त्याने गोणपाटात गुंडाळलेली लादी पायाने दाखवली. ‘तुमी जावा. गाडी चुकंल.’

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. ‘सिदराम, आज मी इथे नव्हते हे कोणाला सांगायचं नाही हं. सरांना तर मुळीच नाही.’

‘कशाला सांगंल मी?’ तो म्हणाला. ‘शब्द दिला म्हना.’

मग जरा घुटमळून त्याने विचारलं, ‘ताई, यादी ह्याच महिन्यात जानार न्हवं?’

‘तीस तारखेला. तुझं नाव आहे त्यात, मी बघितलंय.’

तो हसला आणि पहिल्या उंदराची शेपटी धरली. मी बसस्टँडकडे पळाले.

सोलापूरच्या एका फार्मसी कॉलेजात मी तेव्हा पीएचडी करत होते. साल अठ्ठ्याऐंशी, महिना एप्रिल. इमारतीच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, त्यांना आम्ही अॅनिमल हाउस म्हणत असू आणि सिदराम म्हेत्रे उंदीरखाना म्हणे. तो तिथे अकरा वर्षं रोजंदारीवर होता. माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठा, पण कॉलेजात सगळे त्याला अरेतुरे करत, मीही करत असे. चतुर्थ श्रेणीतल्या रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी अकरा वर्षांत पहिल्यांदा निघाली होती. विभागप्रमुख म्हणून वाळिंबे सरांची सही झाली की ती तीस तारखेला वर जाणार होती. सिदराम चव्वेचाळिशीला आला होता. पुढची यादी निघेपर्यंत त्याचं वय उलटून गेलं असतं, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही.

प्रयोग सांगायला सोपा आणि बघायला अवघड. काचेचा उंच जार, त्यात उंदराचे पाय तळाला टेकणार नाहीत आणि पंजे काठाला पोचणार नाहीत एवढं पाणी. आमच्या पुस्तकांत पाणी कोमट करून घ्यायला सांगितलेलं असे. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी सोलापूरचा उन्हाळा पाहिला नव्हता. आम्ही बर्फ टाकत होतो. पहिल्या दिवशी उंदराला त्यात पंधरा मिनिटं सोडायचं. आधी तो जिवाच्या आकांताने काच ओरखडतो, गोल फिरतो, बुडी मारून तळ शोधतो. पाच-सात मिनिटांनी थांबतो आणि नाक तेवढं बाहेर ठेवून नुसता तरंगत राहतो. दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा पाच मिनिटं पाण्यात सोडलं की तो फार खटपट करत नाही, लवकरच तरंगायला लागतो. तो किती सेकंद निश्चल होता ते मोजायचं. ह्या सेकंदांना आमच्या विषयात हताशा म्हणत. नैराश्यावरचं गुणकारी औषध टोचलं तर उंदीर दुसऱ्या दिवशीही हातपाय मारत राहतो. नुसतं मिठाचं पाणी टोचलेला तरंगतो. दोघांतला फरक हा औषधाचा गुण.

माझं औषध म्हणजे एका झुडपाच्या मुळांचा अर्क होता. आधीच्या दोन तुकड्यांत थोडाफार गुण दिसला होता. ही तिसरी तुकडी. शनिवारची चाचणी सर स्वतः बघणार होते आणि सोमवारी तेच आकडे घेऊन हैदराबादच्या परिषदेला जाणार होते. त्यामुळे पहिल्या दिवसाचं पोहणं शुक्रवारीच व्हायला हवं होतं. आणि त्याच शुक्रवारी बार्शीला मामाकडे मला बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते.

सरांकडे रजा मागायची सोय नव्हती. मागच्या खेपेला मागितली तेव्हा ते म्हणाले होते, ‘मिस देगावकर, लग्न करायचंय की पीएचडी, एक काय ते ठरवा.’ संशोधकाने जनावरांपाशी स्वतः हजर राहायचं, हा त्यांचा पहिला नियम. आमच्या आधीच्या एका मुलाने उंदरांची वजनं घरी बसून लिहिली होती. त्याचं रजिस्ट्रेशन सरांनी एका दुपारात रद्द करवलं होतं. आणि घरी आईचा हेका असा की पुण्याचं स्थळ काही रोज रोज येत नाही. इकडे आड तिकडे विहीर. मी तिसरी वाट काढली, तिचं नाव सिदराम.

बार्शीला मुलाच्या आत्याने विचारलं, ‘तू नक्की करतेस काय?’

‘उंदरांना पाण्यात सोडते आणि ते पोहायचं कधी सोडतात ते बघते.’

‘अगं बाई! पुण्यात उंदीर आहेत, पण पोहायला कुठे पाठवणार?’

सगळे हसले, मीही हसले. कळवतो म्हणाले. अजून कळवतायत.

पाचला परत आले तेव्हा चोवीसही उंदीर कोरडे होऊन पिंजऱ्यात बसले होते. सिदराम फरशी पुसत होता.

‘झालं सगळं?’

‘झालं की. एक बी दगावलं न्हाई.’

‘पंधरा-पंधरा मिनिटं?’

‘तुमी सांगितलं तसंच केलं, ताई. काळजी करू नगा.’

मी नोंदवही काढली. एक ते चोवीस आकडे टाकले आणि प्रत्येकासमोर १५ मि. लिहून खाली सही केली. सगळं एका पेनाने, एका बैठकीत. मला तेव्हा त्यात काही वावगंही वाटलं नाही. काम झालं होतं, ते कोणाच्या हातून झालं एवढाच काय तो फरक, असं मी मनाशी म्हटलं.

शनिवारी सकाळी बारा उंदरांना अर्क टोचला, बारांना मिठाचं पाणी. दहा वाजता सर आले. उंच, शिडशिडीत माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि मिठाच्या पाण्याचा पहिला उंदीर जारमध्ये सोडायला सांगितलं.

उंदीर पोहायला लागला. एक मिनिट झालं. काच ओरखडत होता. दोन झाली. काठाकडे तोंड करून पुढचे दोन्ही पाय मारत होता. तिसऱ्या मिनिटाला तरी तो तरंगायला हवा होता.

‘दमला नाही अजून?’ सर म्हणाले.

पाच मिनिटांत तो सतरा सेकंद थांबला. मागच्या तुकड्यांत ह्याच मिठाच्या पाण्याचे उंदीर तीन-साडेतीन मिनिटं तरंगत असत.

दुसरा उंदीर बावीस सेकंद. तिसरा तर थांबलाच नाही. अर्काचा पहिला, दुसरा, तिसरा, सगळ्यांची तीच गत. दुपारी एकपर्यंत चोवीस उंदीर झाले आणि औषधात नि मिठाच्या पाण्यात सुईच्या टोकाएवढाही फरक निघाला नाही. कारण हताश कोणीच झालं नव्हतं.

सर पाण्यात बोट घालून बसले. थर्मामीटर बघितला. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या बघितल्या. अर्काची बाटली हुंगली. मग नोंदवही मागितली.

‘काल बाहेर कोणी काढले?’

‘सिदरामने,’ मी म्हणाले. ‘वेळ मी सांगत होते.’

हे पहिलं खोटं. ते इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं.

सरांनी सिदरामला हाक मारली. तो हात पुसत आला आणि दारात उभा राहिला.

‘काल किती किती वेळ ठेवलेस उंदीर?’

‘पंधरा मिंटं, सायेब.’

‘सगळे?’

‘चौघांचं मिळून पंधरा मिंटं,’ सिदराम म्हणाला. ‘तवर चारी भायेर.’

‘चौघांचं मिळून म्हणजे? एकदम नाही काढले?’

‘एकदम कसं काढायचं? माणसाला हात दोन.’ सर चिडलेत हे त्याला कळत होतं, पण त्याला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. ‘जो काठाला यिऊन धडपडंल त्याला आदी काढला. मग दुसरा कोन धडपडतोय बगितलं. त्याला काढला.’

‘आणि जो तरंगत होता?’

‘त्याला काय घाई? तो तरंगतोय की. त्याला मागनं. पर तसा येकादाच निघाला. बाकीची निम्म्या वेळातच भायेर.’

‘अरे, मग घड्याळ कशाला लावलं होतं?’

‘घड्याळाला काय कळतंय, सायेब, कोन घाबरलंय त्ये?’

सिदरामला वाटलं त्यांना समजलं नाही, म्हणून तो आणखी समजावून सांगायला लागला. ‘आमी गावाकडं पोरांना हिरीत पवायला शिकिवतो. कमरंला वाळला भोपळा बांदायचा आन ढकलायचं. पाच-सा पोरं एकदम हिरीत. आता मला सांगा, आदी कुनाला काढायचं? जो हातपाय झाडतोय, बोंबलतोय, त्याला. गप तरंगनाऱ्याला पवायला आलं म्हनायचं. त्याला काढायला गेलं तर उलटा शिव्या देतोय.’

‘म्हणजे तुझ्या मते हे तरंगणारे उंदीर हताश नसतात?’

‘त्ये मला म्हाईत न्हाई. बुडत न्हाईत येवडं दिसतंय.’

एरवी मला हसू आलं असतं. सर उठून उभे राहिले.

‘चार वर्षं हा प्रयोग चाललाय. आजवर असं कधी केलं नाहीस.’

आजवर मी जारच्या पलीकडे घड्याळ धरून उभी असे, आणि ‘आता’ म्हटल्याशिवाय तो पाण्यात हात घालत नसे. धडपडणाऱ्या उंदराकडे बघून त्याचा हात पुढे आला की मी ‘थांब’ म्हणत असे. काल थांब म्हणायला कोणी नव्हतं. हे त्याला सांगता येत होतं. पण त्याने शब्द दिला होता.

तो माझ्याकडे वळला. ‘ताईंना इचारा, सायेब. ताईंना ठावं हाय.’

सरही माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं. नोंदवहीत माझी सही, चोवीस वेळा १५ मि., आणि त्या वेळी मी बार्शीत पोह्यांचा ट्रे धरून उभी. चार वर्षं गेली असती.

सरांनीच मला मदत केली. ‘तुम्ही नोंदी करत असाल. तुमची पाठ असेल त्याच्याकडे.’

‘हो,’ मी म्हणाले.

‘तुमच्या लक्षात नाही आलं?’

‘नाही, सर.’

सिदराम अजून माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. मी वाक्य अर्धं सोडलंय आणि उरलेलं आता बोलणार आहे, अशा नजरेने.

सरांनी आपल्या बॅगेतून यादी काढली. सिदराम म्हेत्रे ह्या नावावर त्यांनी पट्टी ठेवून आडवी रेघ मारली. सरांना सगळं नीटनेटकं लागायचं. ‘चोवीस जनावरं फुकट घालवलीस. असला माणूस मी कायम करा म्हणून लिहून देणार नाही. सोमवारपासून येऊ नकोस.’

‘सायेब, अकरा वर्सं...’

‘जा.’

तो गेला. जाताना त्याने ओलं फडकं पिळून दोरीवर टाकलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. लष्कर भागातल्या एका बोळात त्याची खोली होती. त्याची बायको मल्लव्वा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं आणि चहा टाकला.

‘ताई, ह्यांचं नाव कापलं म्हनं,’ ती म्हणाली. ‘काय म्हनून कापलं त्ये ह्ये सांगंनात. तुमी हुता न्हवं तितं?’

मी सिदरामकडे बघितलं. तो भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. कोणाला सांगायचं नाही म्हणजे कोणालाच नाही, असा त्याचा हिशेब.

‘मी सरांना सांगणार आहे,’ मी म्हणाले. ‘सगळं खरं खरं. ते हैदराबादहून बुधवारी येतील. यादी तीस तारखेला जाणार आहे, अजून वेळ आहे.’

नको ताई, तुमचं नुकसान होईल, असं काहीतरी तो म्हणेल आणि मग आपण थोडा आग्रह करू, अशी माझी समजूत होती. गरिबाच्या मोठेपणावर आपण किती भरवसा ठेवून असतो.

‘सांगा की,’ सिदराम म्हणाला. ‘तुमी सांगितल्याबिगर कसं हुईल?’

‘सांगते.’

‘मग मी सोमवारपास्नं यिऊन फाटकाशी थांबतो. आत नगं म्हनलंय सायबानं, भायेर थांबाय काय हरकत? सायेब आलं, तुमचं बोलनं झालं की हाक मारा.’

सोमवारी तो इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी उभा होता. मंगळवारीही. मी सायकलवरून येताना तो पुढे आला. ‘बुधवारी न्हवं?’ मी मान हलवली.

बुधवारी सर आले ते हवेत तरंगतच. मला तडक खोलीत बोलावलं, बसा म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला बसा म्हटलं होतं.

‘मी तिथे गंमत म्हणून सांगितलं हो, की आमच्या नोकराने असा असा घोळ घातला. सगळे हसले. एक म्हातारे प्राध्यापक तेवढे हसले नाहीत. चहाच्या वेळी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, वाळिंबे, हा घोळ नाहीये. तुम्ही पंधरा मिनिटांनी उंदीर काढता तेव्हा तो काय करत असतो?’

‘तरंगत असतो.’

‘म्हणजे त्याची सुटका कधी होते? तो गप्प पडल्यावर. आणि त्या मूर्खाने काढले ते धडपडताना. ज्याची धडपड कोणीतरी ऐकली तो दुसऱ्या दिवशीही धडपडतो. ज्याला गप्प पडल्यावर काढलं तो लवकर गप्प पडतो. मिस देगावकर, आपण आजवर हताशा मोजत होतो असं समजत होतो. आपण ती शिकवत होतो.’

ते उठून येरझारा घालायला लागले. ‘अर्क-बिर्क सोडा. हाच विषय घ्या. दोन गट. एक धडपडताना काढायचा, एक तरंगताना. शुक्रवारपासून सुरू करा. आणि ह्या वेळी जारकडे पाठ करू नका.’

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी म्हणाले, ‘सर, सिदराम बाहेर उभा आहे.’

‘कशाला?’

‘यादीसाठी.’

‘त्याचा काय संबंध आता? शोध लागला म्हणून चूक बरोबर होत नाही. नोंदवहीत पंधरा मिनिटं आणि प्रत्यक्षात भलतंच, हे किती गंभीर आहे कळतंय ना तुम्हाला? तो अडाणी आहे म्हणून नुसता घालवला. शिकलेल्या माणसाने केलं असतं तर मी सोडला नसता.’

मी उठले. दुपारी फाटकाशी गेले आणि सिदरामला म्हणाले, ‘आज सर फार कामात आहेत. परवा बोलते.’

‘परवा?’

‘उद्या सुट्टी आहे ना.’

उद्या चौदा तारीख, आंबेडकर जयंती. त्या दिवशीही तो येऊन दुपारपर्यंत बंद फाटकाशी थांबला होता, असं मला वॉचमनने नंतर सांगितलं.

शुक्रवारी मी त्याला उद्या म्हणाले. शनिवारी मागच्या बाजूने आले, वसतिगृहाच्या गल्लीतून. जारची टेबलं आता पहिल्या मजल्यावरच्या खोलीत हलवली होती, तिची खिडकी फाटकावर होती. उकाड्यामुळे ती उघडी ठेवावी लागे.

अठरा तारखेला सोमवारी त्याने मला खिडकीत पाहिलं. ‘ताई!’ त्याने हाक मारली. माझ्या हातात स्टॉपवॉच होतं आणि चार उंदीर पाण्यात होते. सोडून जाता येण्यासारखं नव्हतं, हे खरंच आहे. ‘ताई! ओ ताई!’ तो हात वर करून हलवत होता. वॉचमन त्याला काहीतरी म्हणाला. सकाळभरात त्याने पाच-सहा वेळा हाक मारली.

मंगळवारी दोनदा मारली. बुधवारी एकदा, तीही खिडकीकडे न बघता.

प्रयोग उत्तम चालला होता. इतके स्वच्छ आकडे मला पुन्हा आयुष्यात मिळाले नाहीत. पुढे त्यावर माझा प्रबंध झाला, माझ्या आणि सरांच्या नावाने एक निबंध छापून आला. परदेशातून पत्रं आली, त्यावरच मला पुण्यात नोकरी लागली. निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य आहे, की एका अप्रशिक्षित मदतनिसाच्या निष्काळजीपणामुळे ही बाब प्रथम लक्षात आली. वाक्य सरांचं आहे. प्रुफं मी तपासली होती.

गुरुवारी सिदराम फाटकाशी उभा नव्हता, पलीकडच्या कट्ट्यावर बसला होता. शुक्रवारीही तिथेच. शनिवारी तो इमारतीकडे पाठ करून बसला. सदरा आता इस्त्रीचा नव्हता. दुपारी सरांची स्कूटर त्याच्या समोरून गेली तेव्हा तो उठला नाही. आदल्या आठवड्यात स्कूटरचा आवाज आला की तो ताठ उभा राहून नमस्कार करायचा.

रोज सकाळी मी ठरवायची की आज दहा वाजता सरांच्या खोलीत जायचं. दहा वाजता पहिले चार उंदीर पाण्यात असत. अकरा वाजता दुसरे चार. मग सर लेक्चरला जात. माझी कारणं खोटी नव्हती, म्हणून तर ती इतकी उपयोगी पडली.

पंचवीस तारखेला तो अकराच्या सुमाराला आला, अर्धा तास बसला. गुडघ्यात मान घालून बसला होता. झोपला होता की जागा होता ते वरून कळत नव्हतं. मी खिडकीत उभी होते, आणि मी अशा ठिकाणी होते की त्याने मान वर केली असती तर मी दिसले असते. त्याने मान वर केली नाही. मग उठून चपला झटकल्या आणि गेला.

सव्वीस तारखेला कट्ट्यावर कोणी नव्हतं. दुपारीही नव्हतं. मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं.

‘आज न्हाई आला बगा,’ तो म्हणाला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छातीवरचा धोंडा उतरला. कितीतरी दिवसांनी मी कँटीनमध्ये बसून डबा पोटभर खाल्ला, वर ताक मागवलं. सर समोरच्या टेबलावर एकटेच बसून पेपर वाचत होते.

यादी जायला अजून चार दिवस होते.